शाळेच्या फाटकावर केळीचा भाव

चन्नबसप्पांनी छत्तीस वर्षं लातूरच्या एका डाळमिलसाठी तूर खरेदी केली. सकाळी बाजारात जायचं, ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळचा माल वर काढायचा, दोन दाणे दाताखाली फोडायचे आणि आकडा बोलायचा. दाणा कटकन फुटला तर वाळलेला, दबून चपटा झाला तर ओला. मिलनं पुढं ओलावा मोजायचं यंत्र आणलं, तेव्हाही यंत्राचा आकडा आला की मालक आधी चन्नबसप्पांच्या तोंडाकडं बघायचा.

हे काम त्यांनी यंत्रामुळं सोडलं नाही, दम्यामुळं सोडलं. डाळमिलच्या धुळीत अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला जे होतं तेच त्यांना झालं होतं. एकसष्टाव्या वर्षी डॉक्टरांनी मिलच्या आवारात पाऊल ठेवायचं नाही म्हणून सांगितलं, आणि ते बायको गौरम्माला घेऊन नांदेडला लेकीकडं राहायला आले. लेक मंजुषा एका विमा कंपनीच्या कार्यालयात नोकरी करायची. तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या घरात चन्नबसप्पांना दिवस जाता जात नव्हता. भाजी आणायला म्हणून जायचे आणि स्वस्त मिळाली म्हणून चार किलो तूर घेऊन यायचे. गौरम्मांनी एकदा मोजून बघितलं, घरात तुरीचे अकरा पुडे झाले होते.

शाळेतल्या मुलांना धंदा, बाजार, अर्थशास्त्र यांची ओळख करून देणारी एक संस्था तेव्हा नांदेडमध्ये काम करत होती. वेगवेगळ्या कार्यालयांतली माणसं तिच्यासाठी बिनपगारी शिकवायला जात. एक वर्ग, आठवड्याला एक तास, असे सहा तास. मंजुषाच्या कार्यालयानं तिचं नाव दिलं होतं. पण त्याच महिन्यात तिला हिंगोलीच्या शाखेचं जादा काम लागलं. आठवड्यातले तीन दिवस प्रवासात जाऊ लागले.

"अप्पा, तुम्ही जाता का माझ्याऐवजी?" तिनं जेवताना विचारलं.

"मी सातवी नापास. मला शाळेत कोण घेणार?"

"शिकायला न्हाई, शिकवायला जायचंय."

"मंग तर अजूनच अवघड."

संस्थेच्या समन्वयकानं फोनवर त्यांचं शिक्षण विचारलं, तेव्हा मंजुषानं शिक्षण सांगायचं टाळून छत्तीस वर्षांची खरेदी सांगितली. त्या तरुण समन्वयकानं अर्जावर 'खरेदी विभागाचा अनुभव' असं लिहिलं. आठ दिवसांनी एक रंगीत पुस्तिका घरी आली.

शाळा अर्धापूरपासून पाच किलोमीटरवरच्या एका गावात होती. ऑगस्टमधल्या एका सोमवारी चन्नबसप्पा कपाळाला विभूती लावून, पांढरा सदरा घालून, आधी एसटीनं आणि मग ऑटोनं तिथं पोचले. नववीच्या वर्गात अडतीस मुलंमुली होती. त्यांनी पुस्तिका उघडली आणि वाचायला सुरुवात केली. पुस्तिकेत एका पिझ्झाच्या दुकानाची गोष्ट होती. मागणी वाढली की दुकानदार काय करतो, पुरवठा कमी झाला की काय होतं, हे सगळं त्या दुकानावरून समजावलं होतं. मुलं गप्प बसून ऐकत होती. त्या गप्प बसण्यात आदरच जास्त होता, हे चन्नबसप्पांना पंधरा मिनिटांत समजलं. तरी त्यांनी तास रेटून नेला.

तास संपल्यावर पहिल्या बाकावरची ऋतुजा नावाची मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही पिझ्झा खाल्लाय का?"

"न्हाई."

"आम्ही पण न्हाई." एवढं बोलून तिनं दप्तर आवरलं.

पुढच्या सोमवारी त्यांनी पुस्तिका पिशवीतच ठेवली आणि घरातल्या तुरीचे पाच पुडे टेबलावर मांडले. वर्गाचे पाच गट केले, प्रत्येक गट म्हणजे एक व्यापारी. मग ते स्वतः बोली पुकारू लागले. बाजारात त्यांचा आवाज कसा लागायचा हे वर्गानं त्या दिवशी ऐकलं. शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन उभे राहिले. चौथ्या पुड्यावर सगळ्यात चढी बोली लागली. जिंकलेल्या गटाला चन्नबसप्पांनी पुडा उपडा करायला लावला. वर टपोरा वाळलेला दाणा होता, खाली रात्रभर ओल्या फडक्यात ठेवलेला.

"वरचं बघून बोली लावली," ते म्हणाले. "हात आत घातला असता तर कळलं असतं. कुणी अडवलं होतं का?"

कुणी अडवलं नव्हतं. त्यानंतर मुलं त्यांना सर म्हणायचं सोडून अप्पा म्हणू लागली.

तिसऱ्या तासाला त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील सिद्रामप्पा उदगीरकडच्या बाजारांत बैलांचे दलाल होते. तिथं भाव तोंडानं बोलत नसत. दलाल आणि घेणारा, दोघं एका रुमालाखाली हात घालत आणि बोटं दाबून आकडा सांगत. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. शंभर की हजार, ते त्या दोघांना माहीत. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नसे. चन्नबसप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढून दोन मुलांना ते करून दाखवलं. वर्गाला हा खेळ भारी आवडला. प्रत्येकाला रुमालाखाली हात घालायचा होता.

ऋतुजानं हात वर केला. "अप्पा, ज्याचा बैल हाय त्याला भाव कळायचा का?"

"शेवटी कळायचा."

"मंग मधी त्यानं काय करायचं?"

"उभं राहायचं," चन्नबसप्पा म्हणाले.

वर्ग हसला. चन्नबसप्पा हसले नाहीत. परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले आणि त्यांना जुन्या सकाळी आठवत राहिल्या. लातूरचा सौदा उघड व्हायचा, रुमाल नव्हता. पण सोलापूरला आणि गुलबर्ग्याला आज तूर काय गेली, हे त्यांना फोनवर आधीच कळलेलं असायचं. समोर ट्रॅक्टरपाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ते माहीत नसायचं. त्यानं विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. ते सांगणं त्यांचं काम नव्हतं, ते मिलच्या पगारावर होते. यात त्यांना आजवर काही वावगं वाटलं नव्हतं. आताही वावगं वाटलं असं नाही, पण त्या मुलीचा प्रश्न डोक्यातून जाईना.

चौथ्या तासाला त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं केळी कशी इकतात?"

अडतीसपैकी सोळा घरांत केळीच्या बागा होत्या. सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली. गावात श्रीमंत नावाचा व्यापारी आहे. तो बाग बघतो, भाव सांगतो, त्याची माणसं घड उतरवतात, गाडी भरून जाते. श्रीमंतची मुलगी शिवांगी याच वर्गात तिसऱ्या बाकावर होती. सगळे बोलून झाल्यावर ती म्हणाली, "ते माझे पप्पा हायत."

"बरं," चन्नबसप्पा म्हणाले. "मंग मागच्या आठवड्यात शेजारच्या गावात काय भाव होता?"

कुणालाच माहीत नव्हतं. शिवांगीलाही नव्हतं. चन्नबसप्पांनी तोच अभ्यास दिला. या आठवड्यात ज्यानं ज्यानं केळी विकली, मग तो काका असो, मामा असो, की दुसऱ्या गावातला पाहुणा, त्याला भाव विचारून यायचं.

पाचव्या सोमवारी नऊ भाव जमले. एकाच आठवड्यातला सगळ्यात खालचा भाव क्विंटलला अकराशे पन्नास होता आणि वरचा पंधराशे. गावातले सगळे भाव खालच्या बाजूला होते. शिवांगीनं आपल्या वडिलांनी दिलेले तीन भाव स्वतः आणले होते आणि ते खरे होते; सगळ्यात खालचा ऋतुजाच्या घरचा होता. मुलांनीच ठरवलं, हे सगळ्यांना दिसायला पाहिजे. शाळेच्या फाटकापाशी सुविचार लिहायचा एक फळा होता. ऋतुजाचं अक्षर चांगलं, म्हणून तिनं त्यावर गावांची नावं आणि भाव लिहिले. चन्नबसप्पा शेजारी उभे होते. त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं नव्हतं.

संध्याकाळी दूध घालायला निघालेला एक जण मोटारसायकल उभी करून तो फळा वाचत थांबला. मग त्यानं फोटो काढला. बुधवारपर्यंत तो फोटो तीन गावांतल्या फोनवर फिरला होता. गुरुवारी मुख्याध्यापकांनी शिपायाकडून फळा पुसून घेतला आणि संस्थेला फोन केला. समन्वयकानं चन्नबसप्पांना अदबीनं सांगितलं की हा भाग पुस्तिकेत नाही, शेवटचा तास पुस्तिकेप्रमाणे घ्यावा.

चन्नबसप्पा शुक्रवारीच गावात गेले. मुख्याध्यापकांची माफी मागायची म्हणून गेले होते. तिथं कार्यालयाबाहेरच्या बाकावर श्रीमंत बसला होता. चाळिशीचा, अंगानं बारीक, दोन फोन हातात. त्यानं उठून नमस्कार केला.

"अप्पा, तुम्ही धंद्यातलीच माणसं. तुम्हाला मी काय सांगावं."

"सांगा."

"फळ्यावर लिहिलं अकराशे पन्नास आन् पंधराशे. पन माल कोणता ते लिहिलं का? पंधराशेवाल्याची बाग रोडला हाय. गाडी बांधापर्यंत जाती. इथं चिखलातून घड डोक्यावर आणावे लागतेत, त्याची मजुरी मी देतो. ते कुठं लिहिलं? लोक मला रस्त्यात आडवून विचारून राहिलेत, जसं काय मी चोरी केली."

तुरीच्या पाच पुड्यांचा भाव पाच प्रकारचा असतो, हे चन्नबसप्पांनीच शिकवलं होतं. "तुमचं खरं हाय," ते म्हणाले. "माल न सांगता भाव सांगणं म्हणजे अर्धंच सांगणं. चुकलंच ते. पण तुम्ही हेच वर्गात येऊन पोरांना सांगता का?"

"मी? शाळेत?"

"मी बी असंच म्हणलो होतो."

मुख्याध्यापकांनी स्वतः वर्गात बसायच्या अटीवर हो म्हटलं, आणि शेवटच्या तासाला श्रीमंत केळीच्या चार फण्या घेऊन आला. सुरुवातीला तो फळ्याकडं बघून बोलत होता. मग फणी हातात घेतल्यावर त्याचा आवाज मोकळा झाला. केळाची लांबी कुठून कुठं बघायची, भरती, म्हणजे केळ किती भरलंय, ते कसं ओळखायचं, केळाच्या कोनाची धार गेली की माल किती दिवसांचा समजायचा, घडाला घासल्याचा डाग आणि रोगाचा डाग यांत फरक कसा करायचा, हे त्यानं दाखवलं. दूरच्या बाजाराला कच्चा माल लागतो, जवळच्याला भरलेला. गाडी अर्धी भरून गेली तर भाडं पूर्णच लागतं. चन्नबसप्पा मागच्या बाकावर बसून ऐकत होते. त्यांना यातलं निम्मं माहीत नव्हतं.

बोलणं संपल्यावर श्रीमंतनं विचारलं, कुणाला काही विचारायचंय का. शिवांगी उभी राहिली.

"पप्पा, ऋतुजाच्या घरचा माल कोणता होता?"

"म्हंजे?"

"त्या आठवड्यात तुम्ही घेतला तो. एक नंबर का दोन नंबर?"

श्रीमंतनं हातातली फणी टेबलावर ठेवली. "एक नंबर."

"आन् त्यांची बाग तर रोडलाच हाय."

मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत होते. श्रीमंत लेकीकडं बघत म्हणाला, "त्या दिवशी भाव पडणार म्हणून बातमी होती. पडला न्हाई. व्यापाऱ्याला अंदाज धरून चालावं लागतं."

"पडला न्हाई ते कधी कळलं?" हे ऋतुजानं विचारलं.

"दुसऱ्या दिवशी."

"मंग आमच्या बाबाला सांगितलं का?"

"न्हाई," श्रीमंत म्हणाला. "सांगत न्हाईत तसं."

तो खोटं बोलू शकला असता, पण बोलला नाही. चन्नबसप्पांनी पुढं अनेकदा मंजुषाला हे सांगितलं, आणि प्रत्येक वेळी एवढंच सांगून ते थांबत. तास संपला. समन्वयकानं आणलेली प्रमाणपत्रं वाटून झाली, गटाचा फोटो निघाला. त्या फोटोत श्रीमंत सगळ्यात कडेला उभा आहे आणि शिवांगी त्याच्यापासून लांब, मैत्रिणींमध्ये.

गोष्ट इथं संपली असती तर चन्नबसप्पांना बरं वाटलं असतं. तीन आठवड्यांनी ऋतुजाचे वडील शेषेराव नांदेडला मंजुषाचं घर शोधत आले. तिसरा मजला चढून आल्यामुळं त्यांना दम लागला होता. गौरम्मांनी पाणी दिलं. शेषेराव पाणी प्याले आणि पेला खाली ठेवून बोलू लागले.

त्यांची अर्धी बाग उतरवायची उरली होती. लेकीनं भाव आणून दिला, म्हणून त्यांनी या वेळी श्रीमंतला नाही म्हटलं आणि बाहेरच्या एका व्यापाऱ्याला माल ठरवला. सोळाशेनं. गाडी गुरुवारी येणार होती. गुरुवारी आली नाही, शनिवारी आली नाही. व्यापारी फोनवर उद्या, उद्या म्हणत राहिला. मंगळवारी गाडी आली तोवर घड पिवळे पडायला लागले होते. व्यापाऱ्यानं बागेत उभं राहून भाव साडेआठशेवर आणला. घ्यायचं तर घ्या म्हणाला. श्रीमंतकडं जायला तोंड नव्हतं.

"तुमच्यावर राग काढाय आलो न्हाई," शेषेराव म्हणाले. पण राग होताच. "पोरीनं भाव आणला. गाडी कुठून आणावी तिनं? पोरगी चार दिस जेवली न्हाई. तिला वाटून राहिलं का तिच्यामुळंच झालं."

छत्तीस वर्षांत चन्नबसप्पांनी बोललेल्या भावाला माल न उचलल्याचं एकदाही झालं नव्हतं, म्हणून असं होऊ शकतं हे त्यांच्या मनातच आलं नाही. ते म्हणाले, "मी भाव शिकवला. शब्द कुणाचा धरायचा ते शिकवायचं राहिलं. ही माझी चूक, लेकराची न्हाई."

"ते तिला येऊन सांगा."

"येतो."

त्यांनी संस्थेकडं सातवा तास मागितला. सहाच असतात, पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर आलं. तेव्हा एका शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या वेळी ते आपले आपणच गेले. मुख्याध्यापकांनी वर्ग दिला नाही, पण मैदानात बसायला हरकत घेतली नाही. बावीस मुलं थांबली. लिंबाखाली सतरंजी न टाकताच सगळे बसले. चन्नबसप्पांनी शेषेरावांचं नाव न घेता सगळी हकीकत सांगितली, पण कुणाची ते सगळ्यांना माहीत होतं. मग त्यांनी सौदा ठरवताना काय काय विचारायचं ते सांगितलं. गाडी कधी, कुणाची, आगाऊ काय देणार, उशीर झाला तर माल कुणाच्या अंगावर. याआधी तुम्ही कुणाचा माल घेतला, त्याचा फोन नंबर द्या.

ऋतुजा मान खाली घालून बसली होती. शेवटी तिनं विचारलं, "अप्पा, म्हंजे भाव विचारला ते चुकलं का?"

"न्हाई. भाव विचारलास ते बरोबर. मी पुढचं सांगितलं न्हाई ते चुकलं."

तिला हे पटलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. ती उठून बाकीच्यांबरोबर घरी गेली.

पुढच्या हंगामात श्रीमंतनं एक गोष्ट सुरू केली. रोज सकाळी साडेसातला तो गावातल्या बागवाल्यांना फोनवर भाव पाठवू लागला. एक नंबरचा वेगळा, दोन नंबरचा वेगळा, रोडच्या बागेचा आणि आतल्या बागेचा वेगळा. कुणीतरी पाठवणारच, मग आपणच पाठवलेला बरा, असं त्यानं घरात सांगितल्याचं शिवांगीकडून कळलं. दोन-तीन बागा त्याच्या हातून गेल्या, एक-दोन नव्या आल्या. शेषेरावांनी त्या वर्षी आणखी दोघांना भाव विचारला आणि माल श्रीमंतलाच दिला. त्याची गाडी ठरल्या दिवशी येते, एवढंच कारण त्यांनी सांगितलं.

ऋतुजा दहावीनंतर लातूरला गेली. तिथं शिकवणीच्या वर्गांच्या गल्लीत एका खोलीत चौघीजणी राहतात आणि ती डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते. धंदा, बाजार यांच्याशी तिचा आता संबंध नाही. शिवांगीनं वाणिज्य घेतलं. रविवारी ती वडिलांबरोबर बागा बघायला जाते आणि कुठला माल कितव्या नंबरचा यावरून दोघांचं कधीकधी खटकतं, असं गावातले लोक सांगतात.

संस्थेनं चन्नबसप्पांना काढलं नाही. त्यांच्या वर्गातली हजेरी सगळ्यात जास्त होती, हे कागदावर दिसत होतं. फक्त पुस्तिकेबाहेर जाण्याआधी कळवावं, असं त्यांना लेखी सांगण्यात आलं, आणि ते कळवतात. आता त्यांच्याकडं भोकर तालुक्यातली एक शाळा आहे. तिकडच्या मुलांच्या घरी हळद होते. हळदीतलं चन्नबसप्पांना काही कळत नाही.

म्हणून पहिल्या तासाच्या आदल्या आठवड्यात ते तोंडाला रुमाल बांधून नांदेडच्या मोंढ्यात, घाऊक बाजारात, गेले. हळदीच्या ढिगांपाशी सटवाजी नावाचा जुना हमाल बसला होता. चन्नबसप्पांनी त्याला चहा पाजला आणि चांगलं हळकुंड ओळखायचं कसं ते विचारलं. सटवाजीनं दोन हळकुंडं उचलून एकमेकांवर आपटली आणि आवाज ऐकवला. मग दुसरी दोन आपटली.

"फरक कळला का?" त्यानं विचारलं.

"न्हाई," चन्नबसप्पा म्हणाले आणि ढिगाजवळ उकिडवे बसले. "अजून एकदा वाजवा."